दऱ्या आणि दर्या : संगणकाच्या कार्यप्रणालींची एक मराठी कसोटी

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता ज्या घाटाने सह्याद्री चढतो, त्याच्या पायथ्याशी वरंध हे गाव आहे. या गावाच्या, तसेच शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील वाड्यांच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी प्रस्तुत लेखक गेली वीस वर्षे अधूनमधून तेथे जात आला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या भागातील एका शिक्षकांनी त्यास विचारले, "सर, शाळेला देणगीतून एक संगणक घ्यायचा आहे. कोणी विंडोज घ्या म्हणतो, कोणी लिनक्स, कोणी मॅक. यांतले चांगले कोणते?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देऊ लागताच असे ध्यानात आले की, या तीन कार्यप्रणालींची जी तुलना सामान्यतः आढळते ती वेग, किंमत, सुरक्षितता आणि रूप या बाबींपुरती असते. मराठीत लिहिणाऱ्याने जी बाब सर्वांआधी तपासावयास हवी, तिचा तीत बहुधा उल्लेखही नसतो. ती बाब कोणती, तिचा पूर्वेतिहास काय आणि आज तिची स्थिती काय, हे थोडक्यात मांडण्याचा या टिपणाचा हेतू आहे.

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम या नावाने सर्वांस परिचित असलेली, यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांच्यामधील व्यवस्था होय. कळ दाबली असता कोणता संकेत साठवावयाचा, आणि साठविलेल्या संकेतावरून पडद्यावर कोणती आकृती उमटवावयाची, ही दोन्ही कामे मुख्यतः तिच्या कक्षेत येतात. रोमन लिपीत ही कामे जवळजवळ एकरूप आहेत. एक कळ, एक संकेत, एक आकृती असा तेथील क्रम आहे. देवनागरीत तसे नाही. 'कि' या अक्षरात उच्चाराने क आधी व इ नंतर येते, परंतु लेखनात वेलांटी आधी आणि क नंतर दिसतो. 'क्ष', 'ज्ञ', 'द्य' यांसारख्या जोडाक्षरांत तर घटकवर्ण ओळखूही येत नाहीत. उच्चाराचा क्रम आणि आकृतीचा क्रम यांतील हे अंतर कोणी व कसे भरून काढावयाचे, या एका प्रश्नाभोवती मराठी संगणकलेखनाचा सारा इतिहास फिरतो.

२

ही कसोटी लावण्यास एक शब्द पुरेसा आहे, आणि तो वरंधच्या भूगोलातच सापडतो. 'दरी'चे अनेकवचन 'दऱ्या'. आणि समुद्र या अर्थी फारसीतून आलेला शब्द 'दर्या'. दोहोंत र आणि य यांचाच संयोग आहे. तथापि 'दर्या' म्हणताना र हा आधीच्या अक्षरास चिकटतो, त्यावर आघात येतो आणि ते अक्षर गुरू होते. 'दऱ्या' म्हणताना तोच र पुढच्या यकाराबरोबर जातो आणि पहिले अक्षर लघूच राहते. लेखनात पहिला भेद रफाराने दाखविला जातो, तर दुसरा यकाराच्या डाव्या अंगास जोडलेल्या आडव्या वक्र रेघेने. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी वाचकांस व्याकरणाच्या पुस्तकांतून परिचित असेलच. पहिल्या शब्दात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी.

हा भेद मराठीत अपवादभूत आहे असे मानणे चुकीचे होईल. रा, री, रे असा शेवट असलेल्या असंख्य नामांच्या व विशेषणांच्या सामान्यरूपांत तो नियमाने येतो : वारा–वाऱ्याने, शेतकरी–शेतकऱ्यास, खोरे–खोऱ्यात, दुसरा–दुसऱ्या. 'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'गुऱ्हाळ' यांसारख्या शब्दांत हकारापूर्वीही तो आढळतो. प्रमाण हिंदीत मात्र त्याचे प्रयोजन नाही. यामुळे हिंदीसाठी जी देवनागरी व्यवस्था सर्वथा पुरेशी, ती मराठीसही पुरेशी असेलच असे म्हणता येत नाही. त्यातही डोंगरी मुलखाची बोली या वर्णसंयोगाने भरलेली असते. पावसाळी ओढ्यास कोकणात 'पऱ्या' म्हणतात. तेव्हा दऱ्या, खोऱ्या आणि पऱ्ये यांच्या प्रदेशातील शब्दसंग्रह करावयाचा असेल, तर ज्या यंत्रास 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील अंतर राखता येत नाही ते यंत्र त्या कामास निरुपयोगी होय.

३

आता इतिहासाकडे वळू. आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्याबरोबर ग्राहकास कार्यप्रणालीची निवड ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने पुरविलेली डॉस ४० डॉलरना मिळे. तिची प्रतिस्पर्धी सीपी/एम-८६ काही महिन्यांनी आली आणि तिची किंमत २४० डॉलर होती. या स्पर्धेचा निकाल कसा लागला असेल हे सांगावयास नको. पुढे जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपलचे मॅकिंटॉश आले, नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या कामाची वार्ता दिली. यांपैकी एकीच्याही मूळ आराखड्यात देवनागरी नव्हती.

देवनागरी आली ती बाहेरून, आणि तीही यंत्राच्या एका जोडभागाच्या रूपाने. कानपूरच्या आयआयटीत १९८० नंतरच्या वर्षांत भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले, ते १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. त्यातून 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. डॉसवर चालणाऱ्या संगणकात हे कार्ड बसविले की पडद्यावर मराठी उमटे. कार्यप्रणालीस देवनागरीची गंधवार्ताही नसे. आकृती जुळविण्याचे सारे काम ते कार्ड करी.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या संकेतनात होते. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरविण्यात आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ या क्रमांकाने इस्की ही संकेतावली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांस मिळून एकच तक्ता, आणि त्यात वर्ण साठवावयाचा तो उच्चाराच्या क्रमाने, हे तिचे तत्त्व. 'कि' लिहिताना आधी क आणि मग इकार. पडद्यावर वेलांटी कोठे काढावयाची हा आकृतीचा प्रश्न. साठविलेल्या मजकुराशी त्याचा संबंध नाही. मराठी वर्णमालेची रचना उच्चारस्थानांवर आधारलेली असल्यामुळे अशा मजकुराची अकारविल्हे लावणे, त्यात शब्द शोधणे ही कामे सुकर होत. कोशकारास याहून अधिक काय हवे?

४

यापुढील घटना विचित्र वाटण्याजोगी आहे. १९९२ मध्ये विंडोज ३.१ आणि ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आली. चित्रमय पडदा, माउस, हवे ते फॉन्ट आणि पेजमेकरसारखे पानजुळणीचे कार्यक्रम यांच्यापुढे डॉसचा काळा पडदा टिकणे शक्य नव्हते. परंतु विंडोजच्या त्या आवृत्त्यांस देवनागरी जोडणीचे ज्ञान नव्हते. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी एक तोडगा काढला. रोमन अक्षरांसाठी व चिन्हांसाठी राखलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसविले : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. यंत्राच्या समजुतीप्रमाणे मजकूर रोमनच राही. डोळ्यांस मात्र तो मराठी दिसे. पुण्याची 'श्री-लिपी', 'आकृती', सी-डॅकचीच 'आयएसएम' अशा अनेक व्यवस्था त्या काळात रूढ झाल्या. प्रत्येकीची जागांची वाटणी निराळी होती.

या व्यवस्थांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्य केले पाहिजे. वापरण्याजोग्या दोनशे-सव्वादोनशे जागांत देवनागरी बसविण्याचा याखेरीज दुसरा मार्ग त्या प्रणालीत नव्हता. तथापि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही पीछेहाट होती. डॉसवरील मजकूर वर्णांचा होता. विंडोजवरील मजकूर आकृत्यांच्या तुकड्यांचा झाला. शोध, अनुक्रम, शब्दसूची ही सर्व साधने त्यावर लंगडी पडली. ज्यास आपण नवी व श्रेष्ठ कार्यप्रणाली म्हणून निवडले, तिने लेखनाचा एक मोठा गुण काढून घेतला, आणि पडदा देखणा असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रस्तुत लेखकास याची किंमत स्वतः मोजावी लागली, म्हणून तो अनुभव येथे नोंदविणे उचित होईल. प्रबंधासाठी २००४ च्या सुमारास वरंध व पोलादपूर परिसरात जमविलेल्या शब्दपत्रिका त्याने तेव्हाच्या रूढ फॉन्टांपैकी एकात टंकून घेतल्या आणि एका तबकडीवर ठेवल्या. मूळ पत्रिका महाडमधील एका घरी होत्या. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या महापुराने महाड शहर बुडाले, त्यात त्या गेल्या. त्याच पावसात २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या दुःखापुढे कागदांच्या हानीचा उच्चारही करू नये. परंतु वाड्या उठून दुसरीकडे वसल्या की ओढ्यांची, शेतांची, पायवाटांची नावे मागे राहतात आणि विसरली जातात. त्यामुळे तबकडीवरील नोंदींचे मोल एकाएकी वाढले, हे खरे.

तबकडी शाबूत होती, पण नव्या संगणकावर उघडताच तीत रोमन अक्षरे, अपूर्णांक आणि चलनचिन्हे यांची सरमिसळ दिसली. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नव्हता. अखेर रूपांतर करणारा एक कार्यक्रम मिळाला आणि मराठी दिसू लागली. प्रथम आनंद झाला. मग ध्यानात आले की, त्या कार्यक्रमाने वक्र रेघेचा र सरसकट रफारात बदलला आहे. घाटातल्या साऱ्या दऱ्यांचा दर्या झाला होता आणि पऱ्याचा 'पर्या'. परिचित शब्द दुरुस्त करता आले. परंतु काही स्थलनामे अशी होती की, त्यांत मूळ उच्चार कोणता हे लिहिणाऱ्यासही आठवेना, आणि ती सांगणाऱ्या वृद्धांपैकी कित्येक आता हयात नव्हते. त्या नोंदींपुढे प्रश्नचिन्ह घालण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. पुराने कागद नेले; उरलेल्या नोंदींतील उच्चार संकेतनाने नेला.

वरंधपासून जवळच शिवथरची घळ आहे. समर्थांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. जुनी पोथी वाचताना ती कोणत्या बोरूने लिहिली हे कोणी विचारीत नाही. लिपी ठाऊक असली म्हणजे झाले. तुकड्यांच्या फॉन्टांनी ही स्थिती पालटली. तेथे वाचणाऱ्याच्या हाती लिहिणाऱ्याचाच बोरू असावा लागे. लेखन आणि लेखणी यांची अशी गाठ मराठीत पूर्वी कधी पडली नव्हती.

५

ही गाठ सोडविण्याचे श्रेय युनिकोडला आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संकेतावलीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतली गेली. वर्णाचा क्रम उच्चाराचा, हे तत्त्व अशा रीतीने परत आले. त्या गटात 'ऱ' हा एक वर्ण आहे. द्राविडी भाषांतील विशिष्ट र देवनागरीत लिहून दाखविता यावा म्हणून त्यास जागा देण्यात आली. पुढे त्याचेच अर्धे रूप म्हणजे मराठीची वक्र रेघ, असे ठरले. 'दऱ्या' लिहिताना आज आपण तमिळसारख्या भाषांच्या सोयीसाठी आलेला वर्ण वापरतो, ही गोष्ट भाषाभ्यासकांस मनोरंजक वाटेल.

संकेत ठरला तरी तो पडद्यावर योग्य रीतीने उमटविणे कार्यप्रणालींवर अवलंबून होते, आणि येथे त्यांच्यातील खरा भेद दिसून आला. विंडोज २००० मध्ये देवनागरी जोडणी प्रथमच प्रणालीच्या अंगभूत आली. तिच्यासाठीचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरतज्ज्ञाच्या हातचा होता. परंतु घरोघरी त्या वेळी विंडोज ९८ होती, जीत ही सोय नव्हती; आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत ती असली तरी बहुधा झाकलेली असे. ती चालू करण्यास एका आडबाजूच्या तक्त्यात खूण करावी लागे व मूळ तबकडी हाताशी असावी लागे. बहुसंख्य लोकांस ही खूण ठाऊकच नव्हती. २००७ मध्ये सर्वत्र आलेल्या व्हिस्टापासून हा अडसर नाहीसा झाला.

मॅकची रीत निराळी होती. तेथे जोडाक्षरांचे नियम मुख्यतः फॉन्टमध्येच साठविलेले असत. त्यामुळे अ‍ॅपलने दिलेले फॉन्ट नीट चालत, पण विंडोजसाठी केलेला देवनागरी फॉन्ट तेथे नेला तर बराच काळ जोडाक्षरे सुटी दिसत. लिनक्सवरील काम स्वयंसेवकांनी उभे केले. 'इंडलिनक्स'सारख्या प्रकल्पांनी भारतीय भाषांतील भाषांतरे व जोडणी यांस चालना दिली. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याने दिले. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली २००७ पासून उपलब्ध झाली. लिनक्स विनामूल्य होते. मात्र प्रारंभीच्या वर्षांत त्यावरील एका कार्यक्रमात नीट दिसणारे अक्षर दुसऱ्यात तुटे, हेही नमूद केले पाहिजे.

लोकांची सवय कोणत्या बाजूस वळली, याचे कारण गुणांत शोधण्यापेक्षा शिक्षणात शोधावे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक नेला आणि तो मुख्यत्वे विंडोजच्या रूपाने नेला. याउलट केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांत लिनक्सचा स्वीकार केला, आणि तेथील विद्यार्थ्यांची सवय त्याप्रमाणे घडली. कोणती प्रणाली सोपी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधी कोणती शिकविली यावर अवलंबून असते.

६

आज मूळ भेद जवळजवळ मिटला आहे. विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर आणि लिनक्सवर लोहित किंवा नोटो हे फॉन्ट असतात आणि तिन्ही ठिकाणी 'दऱ्या' शुद्ध उमटते. इनस्क्रिप्ट कळफलक तिन्हींत आहे. र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ, मग हलन्त, मग य आणि काना. एकदा बोटांस वळण पडले की यंत्र बदलल्याने अडत नाही.

एक दोष मात्र राहिला आहे, व तो सांगितल्यावाचून हे टिपण अपुरे राहील. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून वक्र रेघ लिहिण्याची आणखी एक रीत मान्य आहे. तीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. दोन्ही रीतींनी लिहिलेला शब्द डोळ्यांस एकच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द असतात. एका रीतीने शोधले असता दुसऱ्या रीतीचा शब्द सापडेलच असे नाही. काही कळफलक पहिली रीत वापरतात, काही दुसरी. कार्यप्रणाली कोणतीही असो, शब्दसंग्रह करणाऱ्याने प्रारंभीच एक रीत ठरवून ती अखेरपर्यंत पाळावी.

मग त्या शिक्षकांस काय सांगावे? मराठी मजकूर तिन्ही प्रणालींत सारखाच सुरक्षित राहू शकत असल्यामुळे आता किंमत, दुरुस्ती आणि परिचय या व्यावहारिक गोष्टींस प्राधान्य देणे योग्य होईल. मॅक महाग, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईकडे पाहावे लागण्याचा संभव अधिक. पावसाळ्यात घाटरस्ता वारंवार बंद होणाऱ्या गावी हा विचार गौण नव्हे. नवे यंत्र घ्यावयाचे असेल आणि शिकविणाऱ्यांस विंडोजचीच सवय असेल, तर ती घेण्यास हरकत नाही. परंतु देणगीदार जर जुना संगणक देत असेल, तर लक्षात ठेवावे की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. अशा यंत्रावर लिनक्स बसविणे शहाणपणाचे आणि बिनखर्चाचेही होय.

यापूर्वी एक लहान परीक्षा मात्र अवश्य घ्यावी, असे त्यांस सुचविले. दुकानात बसून इनस्क्रिप्टने पुढील वाक्य लिहावे : दऱ्यांतून वाहणारे पऱ्ये सावित्रीस मिळतात आणि सावित्री दर्यास मिळते. ते जतन करावे, दुसऱ्या कार्यप्रणालीच्या संगणकावर उघडावे, आणि तेथे 'दऱ्या' हा शब्द शोधावा. दरी दरीच राहिली आणि दर्या दर्याच राहिला, तर त्या यंत्रावर मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेली ओढ्यांची व शेतांची नावे निःशंकपणे लिहून ठेवावीत. शाळेचा संगणक घेण्यामागे त्या शिक्षकांच्या मनात हेच काम होते, असे त्यांनी मागाहून सांगितले. वरंध खोऱ्यातील ज्या नावांपुढे प्रस्तुत लेखकास प्रश्नचिन्हे घालावी लागली, त्यांची यादी त्याने त्यांच्या स्वाधीन केली आहे.